कनावाकाठची राजधानी

अमेरिकेतील वेस्ट व्हर्जिनिया राज्याची राजधानी चार्ल्सटन एल्क आणि कनावा या दोन नद्यांच्या संगमावर वसली आहे. याच नावाचे दुसरे आणि अधिक प्रसिद्ध शहर साउथ कॅरोलायनाच्या समुद्रकिनारी आहे. हे चार्ल्सटन समुद्रापासून पुष्कळ आत, अ‍ॅपलेशियन पठाराच्या डोंगराळ मुलखात आहे. नदीचा काठ आणि डोंगराचा पायथा यांच्यामध्ये सपाट जमीन फार थोडी असल्यामुळे शहर रुंदीला न वाढता नदीच्या दोन्ही काठांनी लांबत गेले. उत्तर काठावर बाजारपेठ, कचेऱ्या आणि विधिमंडळ, दक्षिण काठावर रेल्वेस्थानक, आणि त्याच्या मागे चढणीवर सुखवस्तू लोकांची ‘साउथ हिल्स’ ही वस्ती. डोंगरांच्या घळींत, ओढ्यांच्या कडेकडेने कष्टकऱ्यांची घरे आहेत. २०२०च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ४८,८६४ भरली, आणि तरीही राज्यातले सर्वांत मोठे शहर हेच ठरले.

सपाट जागेची टंचाई किती, हे विमानतळावरून कळते. १९४०च्या दशकात शहरालगतच्या डोंगरांचे माथे सुरुंगाने उडवून, मधल्या दऱ्या त्याच मातीने भरून धावपट्टी तयार केली गेली. १९४७मध्ये सुरू झालेल्या या विमानतळाला पुढे ध्वनीपेक्षा वेगाने पहिले उड्डाण करणारे वैमानिक चक येगर यांचे नाव दिले गेले, कारण येगर याच राज्याचे. धावपट्टीच्या दोन्ही टोकांना खोल उतार आहे. २०१०च्या जानेवारीत उड्डाण अर्धवट सोडलेले एक प्रवासी विमान टोकाजवळच्या भुसभुशीत काँक्रीटच्या पट्ट्यात रुतून थांबले आणि त्यातले सर्व ३४ जण बचावले. त्या पट्ट्याखालचा भराव २०१५च्या मार्चमध्ये ढासळून खालच्या वस्तीवर आला.

कनावा नदी न्यू आणि गॉली या नद्यांच्या मिलनातून तयार होते आणि सुमारे १५६ किलोमीटर वायव्येकडे वाहत जाऊन ओहायो नदीला मिळते. ओहायो पुढे मिसिसिपीला मिळते. या खोऱ्याचा माल त्यामुळे पाण्यावाटे पश्चिमेकडे उतरत असे. पूर्वेकडे व्हर्जिनियाची राजधानी रिचमंड होती खरी, पण मध्ये डोंगर आडवे होते. व्हर्जिनियाचा पश्चिम भाग पुढे वेगळा का झाला, याच्या अनेक कारणांपैकी पहिले कारण नदीच्या या उतारात आहे.

गोऱ्या वसाहतवाल्यांची वस्ती येथे १७८८मध्ये पडली. जॉर्ज क्लेंडेनिन या व्हर्जिनियाच्या सेनाधिकाऱ्याने संगमाजवळ लाकडी कोट बांधला. १७९४मध्ये गावाला अधिकृत मान्यता मिळाली आणि जॉर्जच्या वडिलांच्या, चार्ल्सच्या, नावावरून ते ‘चार्ल्सटाउन’ झाले, पुढे चार्ल्सटन. सीमाप्रदेशातला नामांकित शिकारी डॅनियल बून काही वर्षे याच भागात राहिला आणि १७९१मध्ये कनावा काउंटीचा प्रतिनिधी म्हणून व्हर्जिनियाच्या विधिमंडळात बसला.

कोटामुळे गाव झाले, पण गावाला पैसा मिळाला तो मिठामुळे. चार्ल्सटनच्या वरच्या अंगाला सुमारे आठ किलोमीटरवर, आज जिथे मॉल्डन हे गाव आहे, तिथे खडकातून खारे पाणी झिरपत असे. बायसन आणि हरणे ते चाटायला येत, आणि मूळ रहिवासी ते आटवून मीठ करत. डेव्हिड आणि जोसेफ रफनर या भावांनी १८०६च्या सुमारास या पाण्याचा उगम गाठायचे मनावर घेतले. त्यांनी सायकॅमोर झाडाचे जाडजूड पोकळ खोड नदीकाठच्या चिखलात उभे रोवले. आत एक माणूस उतरून गाळ उपसायचा आणि खोड खाली खाली सरकत जायचे. खडक लागल्यावर लवचिक वाशाला दोराने लोखंडी छिन्नी टांगली गेली. वासा दाबायचा आणि सोडायचा, की छिन्नी खाली आपटून थोडासा खडक फोडायची. दीड वर्ष हे काम चालले. १८०८च्या आरंभी, जमिनीखाली ५८ फुटांवर, हवे तसे दाट खारे पाणी लागले. हीच रीत सुधारत सुधारत पुढच्या पिढीतल्या तेलविहिरी खोदल्या गेल्या. १८३१च्या सुमारास येथील बिली मॉरिस या कारागिराने छिन्नी अडकली तर ती झटक्याने सोडवणारी जोडकडी बनवली. खोल विहिरी शक्य झाल्या त्या तिच्यामुळे. त्याचे नाव आज फारसे कोणाला ठाऊक नाही, याचे वाईट वाटते.

काठाकाठाने भट्ट्या उभ्या राहिल्या. लोखंडी काहिलींमध्ये पाणी उकळत असे. जवळपासची झाडे तोडून संपली तेव्हा भट्टीवाल्यांनी डोंगरातला कोळसा काढून जाळायला सुरुवात केली आणि या खोऱ्यातली कोळसा खाणकामाची परंपरा तिथून सुरू झाली. लोहाच्या अंशामुळे तांबूस दिसणारे हे मीठ पिंपांत भरून नावांनी सिनसिनाटीला जायचे. तिथल्या डुकराच्या मांसाच्या व्यापाराला खारवणीसाठी ते लागे. १८४६च्या सुमारास उत्पादन वर्षाला ३० लाख बुशेलांच्या घरात पोचले होते. आपसात भाव पडू नयेत म्हणून भट्टीवाल्यांनी १८१७मध्येच संघ करून उत्पादनाचे वाटे ठरवले होते. अमेरिकेतल्या मक्तेदारी संघांच्या इतिहासात हे अगदी आरंभीचे उदाहरण मानले जाते.

हे सगळे गुलामांच्या श्रमांवर चालले. पूर्व व्हर्जिनियातले तंबाखूचे मळेवाले आपले गुलाम वर्षाच्या कराराने भट्टीवाल्यांना भाड्याने देत. उकळत्या काहिलीत पडणे, वाफेचा बंब फुटणे, खाणीत दरड कोसळणे हे नित्याचे होते. डोंगराळ अ‍ॅपलेशियात गुलामगिरी नव्हतीच, असा एक सोयीचा समज अजूनही ऐकू येतो. कनावाच्या मिठाने तो पूर्णपणे खोटा ठरवला आहे.

गुलामगिरी संपल्यावर, १८६५मध्ये, एक नऊ वर्षांचा मुलगा आईबरोबर व्हर्जिनियातून मॉल्डनला आला. सावत्र वडील भट्टीवर मीठ भरायचे काम करत. मुलगाही पहाटे चारला उठून तिथे जाऊ लागला. प्रत्येक कामगाराच्या पिंपांवर त्याचा क्रमांक घातला जाई आणि सावत्र वडिलांचा क्रमांक होता १८. मुलगा वाचायला शिकलेली पहिली गोष्ट म्हणजे हा आकडा. तो मुलगा म्हणजे बुकर टी. वॉशिंग्टन. पुढे तो खाणीत राबला, भट्टीमालक जनरल रफनर यांच्या घरी चाकरीला राहिला, आणि १८७२मध्ये बराच रस्ता पायी तुडवत हॅम्प्टनच्या शाळेत गेला. शिकून परत आल्यावर त्याने मॉल्डनमध्ये मुलांना शिकवले. अलाबामातली टस्कीगी संस्था त्याने उभारली ती १८८१मध्ये. मॉल्डनमध्ये तो ज्या चर्चचा सभासद होता, ते आफ्रिकन झायन बॅप्टिस्ट चर्च आजही उभे आहे. मिठाचा धंदा १८६१चा महापूर आणि यादवी युद्ध यांच्या तडाख्यात मोडला. २०१३मध्ये डिकिन्सन या जुन्या भट्टीवाल्या घराण्यातल्या बहीणभावाने मॉल्डनलाच पुन्हा लहान प्रमाणावर मीठ करायला घेतले. आता ते उन्हात आटवले जाते आणि उपाहारगृहांना विकले जाते.

वेस्ट व्हर्जिनिया हे राज्य यादवी युद्धातून जन्मले. व्हर्जिनिया फुटून दक्षिणेच्या बाजूला गेल्यावर तिच्या पश्चिमेकडच्या काउंट्या संघराज्यातच राहिल्या आणि २० जून १८६३ रोजी ३५वे राज्य अस्तित्वात आले. राजधानी होती उत्तरेच्या टोकाला, व्हीलिंगला. १८७०मध्ये ती चार्ल्सटनला आली, १८७५मध्ये परत व्हीलिंगला गेली. दर वेळी दप्तर, फर्निचर आणि अधिकारी आगबोटीत बसून नदीवाटे जात. शेवटी १८७७मध्ये लोकांनाच विचारायचे ठरले. चार्ल्सटन, क्लार्क्सबर्ग आणि मार्टिन्सबर्ग या तीन गावांमधून एक निवडण्यासाठी मतदान झाले. चार्ल्सटनच्या गोऱ्या पुढाऱ्यांनी आपल्या बाजूने प्रचाराला बुकर वॉशिंग्टन यांना बोलावले. तेव्हा ते जेमतेम एकवीस वर्षांचे होते. राज्यभर फिरून त्यांनी भाषणे केली, आणि चार्ल्सटनला ४१ हजारांवर मते पडून ते सहज जिंकले. निकाल १ मे १८८५ रोजी अमलात आला. गुलामगिरीत जन्मलेल्या तरुणाने ज्या राजधानीसाठी मते मागितली, त्या राजधानीने पुढची अनेक दशके त्याच्या समाजाला वेगळ्या शाळांत बसवले. हा हिशेब शहराच्या इतिहासात उघडपणे लिहिला गेला पाहिजे.

विधिमंडळाच्या इमारतीचे नशीबही सरळ नव्हते. १८८५ची इमारत ३ जानेवारी १९२१ रोजी जळाली. त्या काळात खाणमुलखात सशस्त्र संघर्ष पेटला होता. इमारतीच्या वरच्या भागात ठेवलेली काडतुसे आगीत फुटू लागल्याने बंबवाल्यांना जवळ जाणे कठीण झाले. अवघ्या ४२ दिवसांत तात्पुरती इमारत उभारण्यात आली. ‘पुठ्ठ्याची कॅपिटॉल’ म्हणून ती ओळखली जाई, आणि २ मार्च १९२७ रोजी तीही जळाली. आजची इमारत न्यूयॉर्कच्या वूलवर्थ बिल्डिंगचे वास्तुकार कॅस गिल्बर्ट यांनी बांधली. इंडियानाचा फिकट पिवळसर चुनखडक, नदीकडे तोंड, आणि वर सोन्याच्या वर्खाचा २९३ फूट उंचीचा घुमट. वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय कॅपिटॉलपेक्षा तो काही फुटांनी उंच आहे आणि स्थानिक लोक ही गोष्ट पाहुण्याला आवर्जून सांगतात. ९५ लाख डॉलरच्या आसपास खर्च झालेली ही इमारत २० जून १९३२ रोजी, महामंदीच्या ऐन कडेलोटात, लोकांना अर्पण झाली. अधिवेशन वर्षाला ६० दिवसांचे असते. त्या हिवाळी दिवसांत शहरात हॉटेले भरतात, एरवी नाही.

घुमटासमोरून कोळशाचे पडाव जातात. हे दृश्य या राज्याच्या राजकारणाचे सार आहे. चेसापीक अँड ओहायो रेल्वे १८७३मध्ये येथे पोचली आणि आजूबाजूच्या घळींतला कोळसा बाहेर पडू लागला. जमिनी आणि खनिज हक्क बहुतांशी बाहेरच्या भांडवलाकडे गेले. चार्ल्सटनच्या दक्षिणेला पेंट क्रीक आणि केबिन क्रीकवर १९१२मध्ये खाणकामगारांचा संप झाला, तेव्हा संपकऱ्यांना कंपनीच्या घरांतून बाहेर काढून तंबूत राहावे लागले. राज्यपालांनी लष्करी कायदा पुकारला. नागरिकांवर लष्करी न्यायालयात खटले चालले. कामगारांची वृद्ध पुढारी मदर जोन्स हिने त्या वर्षी ऑगस्टमध्ये कॅपिटॉलच्या पायऱ्यांवरून भाषण केले. पुढच्या फेब्रुवारीत होली ग्रोव्ह येथील तंबूंवर रात्री चिलखती आगगाडीतून गोळीबार झाला. १९२१च्या ऑगस्टमध्ये चार्ल्सटनजवळच्या मार्मेट येथे हजारो सशस्त्र खाणकामगार जमले आणि दक्षिणेकडे ब्लेअर माउंटनपर्यंत चालत गेले. यादवी युद्धानंतरचा अमेरिकेतला हा सर्वांत मोठा सशस्त्र उठाव केंद्र सरकारने लष्कर पाठवून थांबवला. गळ्यात लाल रुमाल ही कामगारांची खूण होती.

मिठाच्या खारवणीतून, कोळशातून आणि नैसर्गिक वायूतून तिसरा उद्योग उभा राहिला, तो रसायनांचा. पहिल्या महायुद्धात सरकारने चार्ल्सटनच्या पश्चिमेला बंदुकीच्या दारूचा प्रचंड कारखाना आणि त्यासाठी गाव काही महिन्यांत उभे केले. नायट्रोसेल्युलोजवरून त्या गावाचे नाव ‘नायट्रो’ पडले. कारखाना पुरता सुरू होतो न होतो तोच युद्ध संपले. १९२०मध्ये युनियन कार्बाइडने एल्कच्या काठावर क्लेंडेनिन येथे नैसर्गिक वायूतून इथिलीन काढायला सुरुवात केली. जगातल्या पेट्रोकेमिकल उद्योगाचा प्रारंभ बरेचदा इथून मोजतात. १९२५मध्ये कंपनी साउथ चार्ल्सटनला आली. वरच्या अंगाला बेल येथे ड्यूपाँटने अमोनियाचा कारखाना काढला. दुसऱ्या महायुद्धात जपानमुळे आशियाचे रबर बंद झाले, तेव्हा सरकारने इन्स्टिट्यूट या गावी कृत्रिम रबराचा कारखाना उभारला आणि युद्धानंतर तो कार्बाइडला विकला. अशा रीतीने सुमारे ४० किलोमीटरचा नदीकाठ ‘केमिकल व्हॅली’ झाला. मोटारीतल्या गोठणरोधकापासून नायलॉनच्या कच्च्या मालापर्यंत असंख्य पदार्थ येथून गेले. पगार चांगले होते. हवेला मात्र एक वास कायमचा चिकटला. नायट्रोत मोन्सँटोच्या कारखान्यात १९४९मध्ये झालेल्या स्फोटात कामगारांना डायॉक्सिनची बाधा झाली. तिथेच बनणाऱ्या तणनाशकाचा उपयोग पुढे व्हिएतनाममध्ये जंगलांची पाने झडवण्यासाठी झाला.

इन्स्टिट्यूट हे गाव १८९१मध्ये कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांसाठी निघालेल्या महाविद्यालयाभोवती वाढले. ते आता वेस्ट व्हर्जिनिया स्टेट युनिव्हर्सिटी आहे. अंतराळवीरांच्या कक्षा हाताने तपासणाऱ्या नासाच्या गणिती कॅथरीन जॉन्सन १९३७मध्ये येथूनच पदवीधर झाल्या. महाविद्यालयाच्या कुंपणाला लागून युनियन कार्बाइडचा कारखाना होता. तिथे मिथाइल आयसोसायनेट, म्हणजे मिक, बनत असे. याच कंपनीच्या भोपाळच्या कारखान्याला आरंभी हे रसायन बाहेरून आणून पुरवले जाई. १९८०पासून ते भोपाळमध्येच बनू लागले. २ आणि ३ डिसेंबर १९८४च्या दरम्यानच्या रात्री भोपाळमध्ये जे घडले ते भारतीय वाचकाला सांगायला नको. हजारो किलोमीटर दूर, इन्स्टिट्यूटच्या लोकांना दुसऱ्या दिवशी कळले की तेच रसायन त्यांच्या मुलांच्या वर्गांपासून हाकेच्या अंतरावर साठवलेले आहे. कंपनीने मिकचे उत्पादन थांबवले, सुरक्षेवर खर्च केला, आणि मे १९८५मध्ये ते पुन्हा सुरू केले. ११ ऑगस्ट १९८५ रोजी, रविवारी सकाळी, त्याच कारखान्यातून दुसऱ्याच एका रसायनाचा ढग सुटला. शेजारच्या वस्तीतल्या सुमारे १३५ जणांना रुग्णालयात जावे लागले आणि धोक्याचा इशारा उशिरा मिळाल्याचे उघड झाले. ‘तिकडचा’ निष्काळजीपणा ‘इकडे’ होऊ शकत नाही, हा युक्तिवाद त्या दिवशी संपला. पुढच्या वर्षी अमेरिकी काँग्रेसने कायदा करून, शेजारच्या कारखान्यात कोणती घातक रसायने किती साठवली आहेत हे जाणण्याचा हक्क नागरिकांना दिला. भोपाळमधल्या मृत्यूंमुळे मिळालेला हा हक्क आधी भोपाळला नव्हे, तर अमेरिकेतल्या नागरिकांना मिळाला.

‘पीपल कन्सर्न्ड अबाउट मिक’ या स्थानिक गटाने त्यानंतर पंचवीस वर्षे हा प्रश्न सोडला नाही. २८ ऑगस्ट २००८ रोजी, कारखाना बायर कंपनीकडे असताना, एका कीटकनाशकाच्या विभागात स्फोट होऊन दोन कामगार दगावले. उडालेले अवजड भांडे मिकच्या टाकीपासून फार दूर पडले नाही, हे नंतर चौकशीत स्पष्ट झाले. २०११मध्ये मिकचे उत्पादन कायमचे बंद झाले.

९ जानेवारी २०१४ रोजी सकाळी एल्क नदीच्या काठावरच्या रहिवाशांना हवेत ज्येष्ठमधासारखा गोड वास येऊ लागला. तपासनीस माग काढत फ्रीडम इंडस्ट्रीज या कंपनीच्या टाक्यांपाशी पोचले. कोळसा धुण्यासाठी वापरायच्या एमसीएचएम नावाच्या रसायनाची जुनी टाकी गळत होती आणि भोवतालचा बांध फुटका होता. सुमारे १०,००० गॅलन रसायन झिरपून नदीत गेले. तिथून प्रवाहाच्या दिशेने केवळ अडीच किलोमीटरवर चार्ल्सटनच्या पिण्याच्या पाण्याचे उपसा केंद्र होते, आणि नऊ काउंट्यांतल्या ३ लाख लोकांसाठी पाण्याची सोय तेवढी एकच. संध्याकाळी सहाच्या सुमारास आदेश निघाला: नळाचे पाणी पिऊ नका, त्यात स्वयंपाक करू नका, भांडी धुऊ नका, आंघोळ करू नका. उकळूनही उपयोग नव्हता. दुकानांतल्या बाटल्या तासाभरात संपल्या. शाळा, उपाहारगृहे आणि न्यायालये बंद झाली, आणि रुग्णालये टँकरवर चालली. बंदी टप्प्याटप्प्याने उठली तरी तो गोड वास नळाला बरेच दिवस येत होता. या रसायनाच्या माणसावरील परिणामांविषयी सुरक्षित मर्यादा ठरवावी इतकीही माहिती सरकारपाशी नव्हती.

कंपनीने आठवडाभरात दिवाळखोरी जाहीर केली. तिच्या माजी अध्यक्षाला दोन वर्षांनी ३० दिवसांची कैद झाली. विधिमंडळाने २०१४मध्येच जमिनीवरच्या साठवण टाक्यांची नोंदणी आणि तपासणी सक्तीची करणारा कायदा एकमुखाने केला. आमदारांनाही तोच नळ होता. पुढच्या वर्षी तोच कायदा पातळ करून हजारो टाक्या त्यातून वगळण्यात आल्या. राज्यकर्ते आणि गळकी टाकी एकाच गावात असूनही असे व्हावे, ही बाब कुठल्याही सबबीने झाकता येण्यासारखी नाही.

शहराच्या लोकसंख्येचा शिखरबिंदू १९६०चा: ८५,७९६. कारखान्यांतली यंत्रे सुधारली, कंपन्या विकल्या गेल्या, आणि राज्यात एके काळी सव्वा लाखावर असलेले खाणकामगार सुमारे दशांशावर आले. याच काळात तीन आंतरराज्य महामार्ग शहराच्या मध्यात आणून जोडले गेले. त्यांच्या खांबांसाठी आणि ‘नगर नूतनीकरणा’साठी ट्रँगल नावाची कृष्णवर्णीयांची जुनी वस्ती पाडण्यात आली. दुकाने, चर्च आणि घरे गेली, आणि वस्ती पांगली. १९८३मध्ये मध्यवस्तीत बांधलेला भव्य मॉल काही वर्षे गजबजला आणि मग हळूहळू रिकामा होत गेला. आज रोजगार मुख्यतः सरकार आणि रुग्णालये देतात.

शहरात दोन वृत्तपत्रे होती. २०१५मध्ये ती एक होऊन ‘चार्ल्सटन गॅझेट-मेल’ झाले. एरिक आयर या वार्ताहराने न्यायालयात लढून मिळवलेल्या नोंदींवरून दाखवले की औषध वितरकांनी सहा वर्षांत या छोट्या राज्यात अफूजन्य वेदनाशामकांच्या ७८ कोटी गोळ्या ओतल्या आणि त्याच काळात १,७२८ माणसे त्यांच्या अतिसेवनाने मेली. ३९२ वस्तीच्या कर्मिट गावातल्या एका औषधाच्या दुकानात दोन वर्षांत ९० लाख गोळ्या गेल्या. खाणीत पाठ मोडलेल्या माणसांना दिलेले औषध हाच या व्यसनाचा एक मोठा रस्ता होता. आयर यांना २०१७मध्ये पुलित्झर मिळाले. २०१८च्या जानेवारीत वृत्तपत्र दिवाळखोरीत गेले आणि नव्या मालकाकडे जाऊन कसेबसे टिकले.

१९७४मध्ये शाळांच्या नव्या भाषाविषयक पाठ्यपुस्तकांवरून कनावा काउंटीत मोठा वाद पेटला. कृष्णवर्णीय लेखकांचे लेखन आणि धर्माविषयीचे प्रश्न त्यात आहेत, म्हणून ग्रामीण भागातल्या पालकांनी मुले शाळेत पाठवणे थांबवले आणि त्यांच्या बाजूने खाणकामगारांनी संप केला. शाळांवर आणि शिक्षण मंडळाच्या इमारतीवर स्फोटके टाकली गेली. साउथ हिल्स आणि घळींतल्या वस्त्या यांच्यातला जुना दुरावा त्यात होता, वंशद्वेषही होता, आणि दोन्ही वेगळे काढता येत नाहीत. अमेरिकेतल्या पुढच्या अनेक पाठ्यपुस्तक-वादांचे रूप येथे घडले.

चव्वेचाळीस वर्षांनी त्याच काउंटीच्या आणि सगळ्या राज्याच्या शिक्षकांनी कॅपिटॉल भरून टाकले. पगार देशात जवळजवळ तळाला, आरोग्यविम्याचा हप्ता वाढता, आणि सरकारी नोकरांना संपाचा कायदेशीर हक्क नाही. २२ फेब्रुवारी २०१८पासून सर्व ५५ काउंट्यांतल्या शाळा बंद राहिल्या. गरीब मुलांचे दुपारचे जेवण शाळेत होते, म्हणून शिक्षकांनी संपाआधी डबे बांधून वाटले. अनेकांच्या गळ्यात ब्लेअर माउंटनच्या खाणकामगारांचा लाल रुमाल होता. संघटनांच्या नेत्यांनी राज्यपालांशी तडजोड केली, तरी विधिमंडळाचा शब्द कागदावर येईपर्यंत शिक्षक परतले नाहीत. नऊ शालेय दिवसांनंतर सर्व राज्य कर्मचाऱ्यांना पाच टक्के वाढ मिळाली, आणि ओक्लाहोमा व अ‍ॅरिझोनात तसेच संप झाले. तेव्हाचे राज्यपाल जिम जस्टिस राजधानीत न राहता दूर आपल्या गावी राहत. राज्यघटनेनुसार त्यांनी राजधानीतच राहिले पाहिजे, असा खटला चालला, आणि २०२१मध्ये त्यांनी ते मान्य केले.

कॅपिटॉलच्या आवारातल्या कल्चर सेंटरमध्ये १९८३पासून ‘माउंटन स्टेज’ हा नभोवाणी संगीतकार्यक्रम ध्वनिमुद्रित होतो आणि देशभर ऐकला जातो. १९७१मध्ये सुरू झालेली चाकबोटींची जत्रा २००८नंतर बंद पडली होती, ती २०२२मध्ये पुन्हा भरली. कादंबरीकार मेरी ली सेटल याच शहरात १९१८मध्ये जन्मल्या. कनावा खोऱ्याचा इतिहास त्यांनी पाच कादंबऱ्यांत मांडला. आणि रसायन कारखान्यांनी आणलेले एक भारतीय वर्तुळही येथे आहे. डॉक्टर आणि अभियंते १९७०च्या दशकात येऊन शहराच्या पश्चिमेच्या उपनगरांत स्थिरावले. त्यांच्यातल्याच एका गुजराती कुटुंबात, क्रॉस लेन्स येथे वाढलेल्या नीमा अवशिया यांनी २०२२मध्ये ‘अनदर अ‍ॅपलेशिया’ हे आठवणींचे पुस्तक लिहिले. त्यात दिवाळी आहे, बास्केटबॉल आहे, कार्बाइडच्या भोंग्यांखालची वस्ती आहे. कारखाने आकसले तशी ती कुटुंबेही पांगली. अवशिया आज बॉस्टनमध्ये शिकवतात.